गड्याचे हात

आमच्या उंद्रीकडे पोरगा कामाचा की बिनकामाचा, याचा निकाल तो बारा-तेरा वर्षांचा होईस्तोवर लागलेला असतो. विहिरीवरची मोटर पाणी उचलेनाशी झाली की त्याच्या हाती पाना देतात आणि मोठी माणसं बाजूला उभी राहून बघतात. नट कोणत्या अंगाला फिरवायचा हे त्याला कोणी सांगत नाही. गडी आहे म्हणजे त्याला ते येत असणारच, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. बरोबर फिरवला तर कौतुक नाही, त्यात विशेष ते काय? उलटा फिरवला तर मात्र 'गडी असून एवढं येत नाई काय रे तुले?' हा प्रश्न येतो, आणि तो त्या पोराच्या मागे त्याच्या लग्नापर्यंत, पुष्कळदा त्याच्या पोरांच्या लग्नापर्यंत हिंडतो.

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. सोयाबीन, तूर, कपाशी, रब्बीत हरभरा. माणसाला असंच माप लावणारी गावं घाटावर आणि घाटाखाली कितीतरी असतील, शहरांतही हेच चालतं. पण ते माप मी इथे पाहिलं, त्यानं कोणाचं काय झालं तेही इथेच पाहिलं, म्हणून इथलं लिहितो.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. गावातले निम्मे अर्ज त्यांच्या हातचे: विहिरीच्या अनुदानाचा, पीककर्जाचा, वारसाच्या नोंदीचा. मुलीच्या सासरी पाठवायचं नाजूक पत्रही लोक त्यांच्याकडूनच लिहून घेत. सात-बाऱ्यावरची एखादी नोंद कशी चुकली आहे आणि त्यात शेतकऱ्याचं काय अडकणार आहे, हे त्यांना एका नजरेत कळे. पण पक्कड हाती घेतली की त्यांची बोटं अवघडत. चावडीवर त्यावरून हमखास बोलणं व्हायचं. 'मास्तर, तुमचं आपलं कागदाचं काम,' असं म्हणून लोक हसायचे. ज्यांचा अर्ज त्याच सकाळी बाबांनी लिहून दिलेला असे, तेही हसायचे. बाबा ते हसण्यावारी न्यायचे. आईला ते लागायचं.

मोटर सांभाळायची ती आई. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी फुटबॉल असतो. त्यातली झडप पाणी वर जाऊ देते, खाली उतरू देत नाही. तिच्यात पराटीची काडी किंवा शेवाळ अडकलं की पाइपातलं पाणी रात्रीतून निथळून जातं आणि सकाळी मोटर नुसती घुमते. मग वरचं झाकण खोलायचं, बादलीनं पाइप भरायचा, बुडबुडे यायचे थांबेस्तोवर भरत राहायचं, झाकण आवळायचं आणि मगच स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. शाफ्टभोवतीच्या ग्लँडमधून पाणी थेंबथेंब गळत राहिलं पाहिजे. अगदी बंद केलं तर आतली दोरी जळते, शाफ्ट तापतो. ढिलं ठेवलं तर पंप हवा ओढतो. किती आवळायचं हे पुस्तकात वाचून कळत नाही. आई दोन बोटं ग्लँडवर टेकवायची, क्षणभर थांबायची आणि पाना पाव फेरा फिरवायची. तेवढंच. पाणी धो धो पाटात यायचं.

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. आजोबा मोटर खोलायचे तेव्हा बॅटरी धरायला ती उभी असायची. आमच्याकडे गडी दुरुस्ती करतो आणि बाई उजेड धरते, हा जवळजवळ नियमच. आता, उजेड नेमक्या जागी पाडायचा तर पुढचा नट कोणता हे धरणाऱ्याला आधी कळावं लागतं. आई वर्षानुवर्षं तो उजेड धरत आली आणि एकीकडे सगळं शिकत गेली. आजोबा गेल्यावर पाना तिच्या हाती आला, पण फक्त मळ्यात. गावात कोणी विचारलं, 'मोटर कोनं सुधारली?', तर ती बाबांचं नाव घ्यायची. बाबा त्यावर गप्प राहायचे. दोघांनी मिळून हे खोटं कितीतरी वर्षं सांभाळलं, आणि आज मला वाटतं की त्यात दोघांचंही नुकसान झालं. तिचं कसब कोणाला दिसलं नाही. त्यांना 'मला हे येत नाही' एवढं साधं वाक्य गावात मोकळेपणी म्हणता आलं नाही. आणि ज्या गावाला मोटर जाणणाऱ्या माणसाची नेहमीच गरज, त्या गावाला असं एक माणूस मळ्यातच आहे याचा पत्ता लागला नाही.

गड्याला सगळं यायला हवं, ही रीत बापजाद्यांपासूनची आहे असं आमच्याकडे मानतात. मला ते खरं वाटत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ मध्ये निघाला. त्यात खेड्याच्या कारभाराचं जे चित्र आहे त्यात कोणा एका पुरुषाला सगळं येत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. नांगराचा फाळ लोहार पाजवायचा. तिफणीचं आणि वखराचं लाकूड सुताराकडे. दोर, कासरे, चऱ्हाटं मातंगांनी वळायची, मोट चामड्याचं काम करणाऱ्यांनी शिवायची. मोबदल्यात सुगीच्या दिवसांत खळ्यावर बलुतं. कुणब्यानं हौसेनं पटाशी हातात घेतली असती तर त्याला कोणी मर्दगडी म्हटलं नसतं, 'सुताराचं काम तू कायले करतं बाप्पा?' असंच विचारलं असतं. आणि वाड्यातल्या पुरुषाला तर खिळाही ठोकावा लागत नसे. हाताला काम न लागणं हीच त्याची प्रतिष्ठा होती. त्याच्या पुरुषपणाला त्यामुळे कसलाही बट्टा लागला नाही.

म्हणजे कसबाची वाटणी जातीवर झालेली होती, आणि ती वाटणी क्रूर होती. ज्यांच्या हातात सगळ्यात जास्त हुन्नर, त्यांनाच गावानं खालच्या पायरीवर बसवलं, काहींना तर गावाच्या बाहेर. त्या काळाबद्दल हळहळण्यासारखं काही नाही. मात्र एक गोष्ट त्यातून लखलखीत दिसते. पुरुष म्हणजे दुरुस्ती जाणणारा, हे समीकरण आमच्या मातीतलं नाही. ते अलीकडे बसलं.

बसलं ते यंत्राबरोबर. मोटेच्या जागी इंजिन आलं, इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली, बैलगाडीच्या जागी दुचाकी आणि ट्रॅक्टर. या नव्या वस्तूंचा बलुतेदार ठरलेला नव्हता. त्यांचं कसब कोणालाही शिकता आलं असतं. तेव्हा ते आम्ही सरसकट गड्यांच्या नावावर लावून दिलं. त्यातही निवड केली. गड्याला स्टार्टर कळला पाहिजे, कार्ब्युरेटर कळला पाहिजे. पण 'गडी असून गटार उपसता येत नाही' असं मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तेही हाताचंच काम, अवघड काम, जीव धोक्यात घालण्याचं काम. ते जातीकडेच राहिलं. जे काम करताना हात काळे झाले तरी इभ्रत काळी होत नाही, तेवढंच मर्दानी ठरलं. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ते असंच आहे.

अमेरिकेतही ही गोष्ट अशीच नवी आहे. स्टीव्हन गेल्बर या इतिहासकारानं १९९७ मध्ये एका लेखात दाखवलं की तिथला मध्यमवर्गीय पुरुष एकोणिसाव्या शतकात घराच्या डागडुजीला सुतार-गवंडी बोलावत असे. पुढे उपनगरांतली स्वतःची घरं आली, कचेरीतल्या नोकऱ्या आल्या, आणि घरातली दुरुस्ती हे पुरुषाचं राखीव क्षेत्र होऊन बसलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर त्याचं वेडच पसरलं. आमच्या भागातली जी मुलं तिकडे गेली, ती इथे कधी खिळा न ठोकलेली, आता शनिवार-रविवारी गवत कापतात आणि कपाटं जोडतात. मजुरी महाग म्हणून शिकली. गरज पडली की कोणीही शिकतो, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडच्या एका योगायोगाचा विचार मी पुष्कळदा करतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला तो खपेना. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच वाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं आणि १९३० मध्ये 'स्त्री'. एकाच आवारात एकीकडे लोखंड ओतलं जात होतं आणि दुसरीकडे बाईच्या आयुष्याविषयी नव्यानं लिहिलं जात होतं. पण बाहेर पडल्यावर नांगर पुरुषांकडे गेला आणि मासिक बायकांकडे. ज्या विद्या बाळ पुढे 'स्त्री'च्या संपादक झाल्या, त्यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. मुंबईत १९९३ मध्ये 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली, पुरुषांनी पुरुषपणाबद्दल बोलावं म्हणून 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक निघाला. मी हे अंक मोठेपणी, शहरात वाचले. आमच्या चावडीवर ते आले असते तर बाबांना बरं वाटलं असतं.

खरं तर हा सगळा प्रश्न पहिल्यांदा धारदारपणे विचारला गेला तो आमच्याच जिल्ह्यातल्या लेखणीतून. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांत साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा संतापून ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. ते १८८२ मध्ये छापलं गेलं. महात्मा फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मृतीत गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणलं. जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय, हा त्यांचा सवाल. ताराबाईंनी दोषांची तुलना केली. सव्वाशेहून जास्त वर्षांनी त्यांच्याच जिल्ह्यात राहून मला गुणांचीही तुलना करावीशी वाटते. कोणाच्या हातातल्या गोष्टीला कसब म्हणायचं आणि कोणाच्या हातातलीला नुसती सवय?

कापूस वेचणीला चला. सकाळचं दव उतरलं की बाया कमरेला ओटी बांधून ओळीत शिरतात. बोंड पुरतं उललेलं असावं लागतं. बोटं पाकळ्यांच्या मुळाशी जातात आणि चारही कप्प्यांतला कापूस एका ओढीत बाहेर येतो. बोंडाच्या तळाशी वाळलेल्या पानांची टोकं असतात, सुईसारखी. ती बोटांत घुसू द्यायची नाहीत, आणि त्यांचा चुराही कापसाला लागू द्यायचा नाही, कारण कचऱ्याचा कापूस बाजारात भाव पाडतो तो शेतकऱ्याचाच. दोन्ही हात दोन वेगळ्या झाडांवर चालत असतात, नजर तिसऱ्या झाडावर. मजुरी किलोवर. संध्याकाळी नखांच्या कडा फाटलेल्या असतात. हेच काम एखादा गडी करायला लागला की त्याच्या ओटीत पालापाचोळा दिसतो, आणि तेव्हा कोणी त्याला विचारत नाही की एवढं येत नाही काय तुला. उलट म्हणतात, बायकांचे हात हलके असतात बाप्पा. जन्मजात असल्यासारखं. पेरणीत तिफण गडी हाकतो, पण बियाणं सोडणारी मूठ पुष्कळदा बाईची असते. मूठ सैल पडली तर दाट उगवतं, आखडली तर खांडण्या पडतात. पेरणी साधली की नाव मात्र तिफण हाकणाऱ्याचं होतं.

शाळेनंही यात भर घातली. वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिच्यातून पुढे आलेल्या नई तालीमच्या विचारात हातानं काही घडवणं हा शिक्षणाचा कणा होता, मुलग्यांसाठी आणि मुलींसाठीही. वर्धा आमच्या विदर्भातलंच. पण मी शिकलो त्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलं डुगडुगणाऱ्या बाकांचे पाय ठोकायची आणि मुली रुमालावर फुलं काढायच्या. मधल्या काळात ती कल्पना कुठेतरी दोन तुकड्यांत फाटली. मुलीला हातोडी मिळाली नाही, मुलाला सुई मिळाली नाही. पुढे हीच मुलं शिक्षणाला शहरात जातात, बटण तुटलेला शर्ट सुट्टीत घरी आणतात, आणि त्यांना मात्र कोणी बिनकामाची म्हणत नाही.

सुई असो की पाना, शिकवलं की येतं, याला पुरावा फार लांबून आणायला नको. गावोगावचा हातपंप पाहा. त्याच्या इतिहासात आमच्या शेजारचं जालना आहे. साठच्या दशकात ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी तिथे एक दणकट पंप तयार केला, पुढे सोलापुरात तो सुधारला, आणि त्या वाटेनं सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क २' हा पंप देशभर गेला. त्याच्यावर पाणी भरणार बाई, तो बिघडला की मैलभर वणवण करणार बाई, आणि दुरुस्तीला येणार पुरुष मेकॅनिक, त्याला सवड होईल तेव्हा. उत्तर प्रदेशात बांदा-चित्रकूट भागात नव्वदच्या दशकात गावातल्या बायांनाच, ज्यात दलित बाया पुष्कळ होत्या, हातपंपाचं काम शिकवलं. त्यांनी जड पाइप उपसले, वॉशर बदलले, पंप चालू केले. महावितरणमध्येही आता बाया खांबावर चढतात. बीड जिल्ह्यातल्या एकीची तशी चित्रफीत २०२० मध्ये साऱ्या महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिली. लोकांनी तोंडात बोटं घातली. मला वाटतं, आश्चर्य करायचंच तर इतकी वर्षं त्यांना चढू दिलं नाही याचं करावं.

आणि आता जे लिहायला मी हे सगळं काढलं, ते लिहितो.

शेतीला वीज पाळीनं मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हिवाळ्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर रात्रपाळीला गडी मळ्यात जातो. साप असतात, ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूच्या गावांत अस्वलाचीही धास्ती असते. पण त्याहून मोठा धोका डीपीचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचा. सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू झाल्या की डीपीवरचा फ्यूज उडतो. रात्री अकराला लाइनमनला कोण उठवणार? दहा जणांचं पाणी अडलेलं. मग घोळक्यात जो सगळ्यात तरुण आणि चपळ, त्याच्याकडे सगळे बघतात. कोणी जबरदस्ती करत नाही. नुसते बघतात. स्विच ओढला की वीज बंद झाली असं धरून चालतात. पण तीन पात्यांपैकी एखादं चिकटून राहिलेलं असतं, अंधारात ते खालून दिसत नाही, आणि एक फेज जिवंत असते.

आमच्या शिवाराच्या आसपासचा एक मुलगा असाच गेला. बारावी झालेला, पुढे शिकायचं म्हणत होता. त्याला विजेचं काम कोणी कधी शिकवलं नव्हतं. हातात कोरडी काठी, पायात चप्पल, वर धुकं. त्याला चढायला लावणाऱ्यांत वाईट माणूस एकही नव्हतं, हे मला माहीत आहे. ते सगळे त्याचे काका-मामा लागत होते, दहाव्याला सगळे धाय मोकलून रडले. त्या रात्री खाली उभं राहून 'मला येत नाही, मला भीती वाटते' असं तो म्हणाला असता तर आज असता. पण ती दोन वाक्यं आम्ही त्याला बोलायला शिकवलीच नव्हती. वयाच्या बाराव्या वर्षी त्याच्या हातात पाना देऊन त्याला उलटं शिकवलं होतं: येत नसलं तरी येतं म्हण.

देशात विजेच्या धक्क्यानं दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं मरतात, हे सरकारी नोंदीच सांगतात. त्यात पुरुष फार जास्त आहेत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्याची कारणं अनेक होती, औषधं जहाल होती, संरक्षणाची साधनं मिळाली नव्हती. पण तोंडाला फडकं बांधून फवारणाऱ्याला हसणारे लोक मी आमच्याकडेही पाहिले आहेत. मर्दाला काही होत नाही, ही समजूत प्रत्येक हंगामात कोणाचा तरी मुलगा नेते.

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी जे पॅकेज जाहीर केलं, त्यातल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. आत्महत्येला कर्ज, भाव, पाऊस अशी ठोस कारणं असतात. ती बाजूला सारून नुसतं मनाचं निदान करणं हा अन्याय आहे, मी ते करणार नाही. पण ज्याला मोटर नीट करता येत नाही हे सांगण्याची चोरी, तो कर्ज फिटत नाही हे कोणत्या तोंडानं सांगणार? त्याच्या मागे राहिलेल्या बाया आज स्टार्टर चालू करतात, बँकेत जातात, बाजार समितीत काट्यासमोर उभ्या राहतात. नवरा असताना त्यांना मोटरीच्या खोलीत शिरू दिलं नव्हतं. पहिल्यांदा बटण दाबताना अंग थरथरत होतं, असं अशीच एक बाई आमच्या ओसरीवर बसून आईला सांगत होती. आईनं तिला ग्लँड कसा आवळायचा ते त्याच दिवशी मळ्यात नेऊन दाखवलं. गावातल्या दुसऱ्या माणसासमोर आईनं उघडपणे पाना धरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आमच्या जिल्ह्याला मातृतीर्थ म्हणतात, कारण जिजाऊंचा जन्म १५९८ मध्ये सिंदखेडराजाला झाला. त्याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८५५. मुलगाच कशाला हवा, असं विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात, हाताखाली गडी पायजे. म्हणजे हातांसाठी मुलगा. आणि ज्यांच्या हातांनी निम्मी शेती चालते, त्या मुली नकोत.

रब्बीच्या पाण्याच्या रात्रपाळ्या दर हिवाळ्यात येतात. ज्यांचं शेत आहे त्यांना हात जोडून विनंती आहे. शिकायची हौस असेल त्या मुलाला आणि मुलीला मोटरीचं काम दिवसा, वीज बंद करून, शेजारी बसवून शिकवा. जो नको म्हणेल त्याला हसू नका. आणि डीपीवर कोणालाही चढवू नका, चपळ पोराला तर नाहीच. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे, त्यावर फोन लावा, लाइनमन येईस्तोवर थांबा. पाण्याची एक पाळी चुकली तर हरभरा दोन दिवस तग धरतो.